क्रूस कोणी धरायचा

आमच्या गावात बघण्यासारखं आहे काय, असं मी तरुण असताना कोणी विचारलं असतं तर मी त्याला गोठ्यामागचा शेणाचा ढीग दाखवला असता. आता लोक त्या ढिगाचेही फोटो काढतात. लिस्बनहून येतात, हॉलंडहून येतात. लांब शिंगांच्या गाई बघतात, दगडी पायांवरची मक्याची कोठारं बघतात, आणि मग "काय शांतता आहे हो" म्हणत डोळे मिटून उभे राहतात. शांतता असणारच की! ओरडायला माणसं उरलीत कुठे?

मी आदोझिंदा. बारोझोच्या डोंगरात व्हिलार दे कोर्सास म्हणून आमचं गाव आहे, तिथे आम्ही पाहुणे ठेवतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आल्बेर्तिनो आणि आमचा एकुलता एक मुलगा तेल्मो. धंदा तेल्मोचा. उन्हाळ्यात धरणावर होड्या वल्हवायच्या, दोर बांधून कडे चढायचे, डोहात उड्या मारायच्या, हे सगळं तो करवून घेतो. पाहुण्यांना जेवू घालायचं आणि डोंगरात पायी फिरवून आणायचं, हे माझ्याकडे. आल्बेर्तिनो वाइन ओततो आणि कुरकुर करतो.

पायी फिरायची मुख्य वाट म्हणजे वरच्या वस्तीपासून चर्चपर्यंतची जुनी पायवाट. वरच्या वस्तीला दफनाची जागा नव्हती, तेव्हा मेलेल्या माणसाला याच वाटेने खांद्यावरून खाली आणायचे. मध्ये मध्ये शवपेटी टेकवायला मोठे दगड आहेत, आणि प्रत्येक दगडापाशी एक छोटा कोनाडा. कोनाड्यात ज्वाळांमध्ये उभे राहून हात वर केलेले आत्मे रंगवलेले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे थांबून त्या ज्वाळांतून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना म्हणायची. नगरपालिकेने वाटेवरच्या दगडांवर पिवळे-लाल पट्टे ओढले आणि पायथ्याशी फलक लावला: "आत्म्यांची वाट. चढ सोपा. कुटुंबासाठी योग्य." तो वाचला त्या दिवशी माझं असं डोकं फिरलं, की मी त्या कारकुनाला फोन करून विचारलं, बाबा रे, तू कधी वर जाऊन आलास का?

कारण मला तिथे मेलेले दिसतात.

याला जबाबदार माझा धर्मपिता, बेलार्मिनो काका. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने धर्मपित्याने श्रद्धेची प्रार्थना म्हणायची असते, एकही शब्द न गाळता. बेलार्मिनो काका बैलबाजारातून थेट चर्चमध्ये आला, तोही तर्र होऊन, आणि मधल्या ओळी गिळून "आमेन" म्हणून मोकळा झाला. ज्याच्या प्रार्थनेत असं भोक राहतं, त्याला त्या भोकातून पलीकडचं दिसतं. नवीन पाद्रीला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. बाप्तिस्मा पाण्याने होतो, काकाच्या पाठांतराने नव्हे, म्हणाला. सहा गावांना तो एकटाच, गाडीतून फिरतो. त्या वाटेने पायी कधी गेलाय तो?

आणि माझ्या नवऱ्याची अक्कल बघा. बेलार्मिनोला मूलबाळ नव्हतं, चेस्टनटची मोठी बाग होती. बाग पोराला मिळेल म्हणून आल्बेर्तिनोने त्यालाच तेल्मोचा धर्मपिता केला. मी डोकं आपटून सांगितलं. तोवर म्हाताऱ्याचं पिणं सुटलं होतं, पण विसरभोळेपणा सुरू झाला होता. पुन्हा त्याच ओळी गेल्या. आणि बाग गेली पुतणीला.

धुकं उतरलं की दुपारनंतर ते मेलेले सगळे चर्चकडून वर जाऊन त्याच वाटेने खाली येतात. दोन रांगा, हातात मेणबत्त्या. पावलांचा आवाज नाही, फक्त मेणाचा वास येतो. माझी आई असते त्यांच्यात. पहिल्यांदा मी तिला हाक मारली होती. तिने बघितलंसुद्धा नाही, आणि मी घरी येऊन आठवडाभर रडत होते. रांगांच्या पुढे क्रूस असतो, आणि तो धरणारा मात्र जिवंत माणूस असतो. मेलेल्यांना लाकूड पेलत नाही, असं आमची क्वितेरिया काकू सांगायची. तो जिवंत माणूस त्या वेळी आपल्या घरी गाढ झोपलेला असतो, आणि उठल्यावर त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त तो खंगत जातो. वर्षभरात संपतो. सुटायचं एकाच रीतीने. वाटेत समोरून येणाऱ्या, मेलेले दिसण्याची दृष्टी असलेल्या माणसाने आपणहून हात पुढे करून तो क्रूस घ्यायचा.

म्हणून त्या वाटेवर हात रिकामे ठेवायचे नसतात. मी प्रत्येक पाहुण्याला दोन काठ्या देते. गुडघ्यांसाठी, असं सांगते. आजवर कोणी जास्त चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी आमचा गिरणीवाला झेफेरिनो असाच खंगला होता. क्रूस त्याच्या हातात मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. नोव्हेंबरात तो एकदम बरा झाला, आमच्याकडे येऊन चीज आणि डुकराची मांडी घेऊन गेला, आणि मुलीकडे बोर्दोला निघाला. मी त्याला वाटेसाठी राय धान्याचा काळा पाव बांधून दिला. त्याच आठवड्यात तेल्मो वाटेवरचे पट्टे पुन्हा रंगवायला वर गेला होता. धुकं होतं. घरी आला तो तळहात चोळत.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही गं. वाटेत कोणा म्हाताऱ्याचं ओझं घेतलं वाटतं."

"कोणाचं?"

"आठवत नाही." आणि स्वतःच हसला. "रंगाचा वास डोक्यात गेला असणार."

हिवाळाभर पोरगं उतरत गेलं. जो गडी दोन होड्या दोन खांद्यांवर घेऊन धरणाकडे जायचा, त्याला लाकडं फोडताना धाप लागायला लागली. पोहायचे कपडे अंगावर लोंबायला लागले. चाव्हेस शहरातल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, छातीचे फोटो काढले, आणि काही सापडत नाही म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी तोवर वाटेवर गेले नव्हते. फेब्रुवारीत एका लिस्बनच्या जोडप्याला घेऊन गेले. धुकं आलं, मेणाचा वास आला, मी काठ्या घट्ट धरून बाजूला उभी राहिले. आणि क्रूस घेऊन माझा तेल्मो आला. अनवाणी. मान खाली.

ते जोडपं म्हणत होतं, काय सुंदर धुकं आहे. मी त्यांना कसं खाली आणलं, मला ठाऊक नाही.

घरी आले तर तेल्मो पलंगावर झोपलेला, आणि आल्बेर्तिनो शेजारी बसलेला. "अगं, दुपारपासून हलला नाही," म्हणाला. मी पांघरूण ओढलं. पावलं चिखलाने भरलेली होती, चादरीला डाग नव्हता, आणि सदऱ्याच्या बाहीवर मेणाचे थेंब होते. आल्बेर्तिनोला मग सगळं सांगितलं. त्याने आयुष्यभर माझ्या या गोष्टींची टर उडवली होती. त्या दिवशी नाही उडवली. नखाने मेणाचा थेंब खरवडला, हुंगला, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मार्चमध्ये चार डच पाहुणे आले. त्यांच्यात फेन्ना नावाची एक मुलगी होती, लांब पायांची, हसरी. जेवल्यावर बाकीचे शेकोटीकडे गेले आणि ही माझ्याबरोबर ताटं उचलायला लागली. आल्बेर्तिनोने तिच्या पेल्यात वाइन ओतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे बाप्तिस्मा मोठा करतात का गं, पोरी?"

"माझा झालाच नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी कोणाचाच नाही."

आल्बेर्तिनोने माझ्याकडे बघितलं. मी ताट आपटलं.

स्वयंपाकघरात त्याने दार लावून घेतलं. "अगं बाई, आधी ऐक. तिला दिसणार. अख्खी प्रार्थनाच नाही तिच्या नावावर."

"तोंड बंद कर."

"ती परवा निघून जाईल. तिच्या देशात ही वाट नाही, हे मेलेले नाहीत. तिथून तिला कोण बोलावणार?"

"आणि बोलावलं तर?"

"तर ती माझी मुलगी नाही," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

मी त्याला काय काय बोलले! चेस्टनटची बाग काढली, त्याची आई काढली, त्याचा सगळा खानदानी लोभ काढला. "एवढा पुळका आहे तर तू जा ना, तू घे!"

"मला दिसत नाही ना गं! माझा धर्मपिता शुद्धीत होता!" आणि तो माणूस, जो सख्ख्या भावाच्या मातीला रडला नव्हता, चुलीपाशी बसून हुंदके द्यायला लागला.

मग तू का नाही घेत, असं त्याने मला विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. मला मरायचं नव्हतं. उन्हाळ्यात पहाटे गवत कापायला जायचं असतं, बहिणीशी भांडायचं असतं, अजून खूप काही असतं. पोरासाठी आई जीव टाकते असं लोक सहज बोलतात. बोलणाऱ्यांनी आधी त्या रांगेच्या वाटेत उभं राहून दाखवावं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डोंगराच्या माथ्यावरून धुकं उतरायला लागलं, तसा तेल्मो बाकावरच पेंगायला लागला. आल्बेर्तिनोने त्याला पलंगावर नेलं आणि त्याचा हात हातात घेऊन बसला. मी काठ्या वाटल्या. फेन्नाला म्हटलं, "तू तरुण आहेस. तुला कशाला हव्यात?" ती हसली आणि खिशात हात घालून चालायला लागली.

वाटेवर जांभळी फुलं आली होती, झुडपांवर कोळ्यांची जाळी दवाने भिजून पांढरी झाली होती. पाहुणे थांबत होते, वाकत होते, फोटो काढत होते. मी प्रत्येक कोनाड्यापाशी प्रार्थना म्हणत होते, आणि दर वेळी मधल्याच ओळीवर अडखळत होते. तिसऱ्या दगडापाशी धुकं इतकं दाट झालं की पुढचा पट्टा दिसेना. मेणाचा वास आला.

"अय्या, मिरवणूक!" फेन्ना म्हणाली. "आज तुमच्याकडे सण आहे का?"

"कुठे?" तिच्या मैत्रिणीने विचारलं. "मला तर काहीच दिसत नाही."

"हे काय, समोर! किती माणसं आहेत. आणि हा तर तेल्मो!" ती दोन पावलं पुढे गेली. "याने काल आम्हाला होडी शिकवली. अरे देवा, किती दमलाय हा. अनवाणी का आहे?" आणि तिने खिशातून हात काढले. "दे, मी धरते थोडा वेळ."

तिला गंमत नव्हती वाटत. दया आली होती तिला. परक्या पोरीला माझ्या पोराची दया आली होती, आणि मी तिथे दोन्ही हातांत काठ्या घट्ट धरून उभी होते.

तेल्मो थांबला. मागची रांग थांबली. त्याने मान वर करून तिच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. घेणाऱ्याने हात पुढे केला की देणारा देऊन टाकतो, झेफेरिनोनेही तेच केलं होतं. माझ्या पोराने क्रूस छातीशी धरला, दोन्ही हातांनी, आणि तो वाट सोडून झुडपात सरकला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"दे!" मी ओरडले. "अरे गाढवा, दे तिला!"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. न केलेल्या खोडीबद्दल मी ओरडले की तो लहानपणी असाच बघायचा. उलट बोलायचा नाही, नुसता बघायचा. मला इतका राग आला, इतका राग आला, त्याचा, बेलार्मिनोचा, स्वतःचा, की मी काठ्या फेकून दिल्या आणि झुडपात घुसले. क्रूस ओढला. तो सोडेना. "आईचं ऐकायचं नाही?" म्हणत मी त्याच्या कानाखाली एक वाजवली आणि हिसकावून घेतला.

तो जड लागला नाही. गारही नव्हता. कोणीतरी आत्ताच हातातून ठेवलेल्या फावड्याच्या दांड्यासारखा कोमट होता. मग माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि समोर कोणी नव्हतं.

मागे टाळ्या वाजल्या. बाकीच्या तिघांना मी धुक्याशी मारामारी करताना दिसले होते, आणि हा फिरण्यातलाच एक खेळ आहे असं त्यांना वाटलं होतं. फेन्नाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती रडत होती. "तो कुठे गेला?" एवढंच विचारत होती. मी तिला म्हटलं, घरी गेला, पोरी, घरी गेला.

घरी पोचले तर तेल्मो टेबलाशी बसून कोबीचं सूप ओरपत होता. दुसरी वाटी होती. गालावर माझी बोटं उमटलेली होती, लालभडक. "आई, बाबांनी मला झोपेत मारलं की काय गं?" तो म्हणाला. आल्बेर्तिनो त्याच्यामागे उभा होता. तो गाल त्याच्या डोळ्यांदेखत लाल झाला होता. त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. मला खुर्ची दिली, पाव कापून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझ्यासाठी पहिल्यांदाच पाव कापला.

तेव्हापासून तेल्मो भरत चाललाय. परत दोन होड्या दोन खांद्यांवर घेतो. वरच्या डोहाकडे जाणारी नवी वाट शोधलीय म्हणे, तिथे दोर टाकून धबधब्यातून उतरवणार आहे लोकांना. मी धुकं आलं की खुर्चीत झोपते. उठते तेव्हा आल्बेर्तिनो लोणी लावायच्या सुरीने माझ्या बाहीवरचं मेण खरवडत बसलेला असतो. लग्नातला घागरा मला पुन्हा होतो, ही एक चांगली गोष्ट.

परवा तो हळूच म्हणाला, "जर्मन लोक येतायत. त्यांच्यातही बरेच जण बिनबाप्तिस्म्याचे—"

"पुढचा शब्द काढलास तर हीच सुरी घालीन," मी म्हटलं. ज्या पोराने शुद्धीवर नसतानाही परक्या मुलीला ते ओझं दिलं नाही, त्याच्या आईने द्यायचं? पण रात्र रात्र मी याच विचाराने तळमळते. तो मुळातच तसा आहे. मी झोपेत कशी आहे, हे मला ठाऊक नाही.

आणि खरी भीती तर वेगळीच आहे. माझं आता चालणं होत नाही, म्हणून पाहुण्यांना त्या वाटेने न्यायचं कामही तेल्मोनेच घेतलंय. त्याला सगळं सांगून झालं. झेफेरिनो सांगितला, थप्पड सांगितली, गालावरच्या बोटांची आठवण करून दिली. तो माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतो. काठ्या घे म्हटलं तर म्हणतो, मी काय म्हातारा झालोय?

आज सकाळपासून माथा दिसत नाहीये. जर्मन अंगणात बूट बांधत होते. डोळे जड व्हायला लागले, तेव्हा मी तेल्मोला हाक मारली, त्याचा हात धरला आणि म्हटलं, "हे बघ. वर धुक्यात मी तुला समोरून येताना दिसले, आणि माझ्या हातात काही जड असलं, तर तू हात पुढे करायचा नाहीस. मी कितीही दमलेली दिसले तरी. शपथ घे."

त्याने माझ्या पायांवर कांबळं घातलं आणि हसला.

"काहीतरीच बोलतेस, आई," तो म्हणाला. "तुझ्या हातातलं ओझं मी तुला कधी वाहू दिलंय?"